माती-पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, आणि सॅम्पलिंगमधले अवघड शब्द नेमके कुठे लागतात

माती परीक्षण करून घ्या असं सगळेच सांगतात, कृषी सहायक सांगतात, खताच्या दुकानात सांगतात, मोबाईलवर मेसेज येतात, पण नमुना नेमका कसा घ्यायचा हे नीट बसून कुणी सांगत नाही. मग होतं काय की बांधाच्या कडेची ओंजळभर माती कॅरीबॅगमध्ये भरून लॅबला जाते, रिपोर्ट येतो, आकडे दोन दशांशापर्यंत छापलेले असतात आणि त्या आकड्यांवर भरवसा ठेवून हजारोंचं खत शेतात पडतं. लॅबने पिशवीतली माती अगदी बरोबर तपासलेली असते, पण ती पिशवी शेताबद्दल काही सांगतच नसते.

जरा हिशोब करून बघा. एक एकर म्हणजे साधारण ४०४७ चौरस मीटर. वरचा २० सेंटिमीटरचा थर धरला तर ८०० घनमीटरच्या वर माती झाली, आणि घनमीटरला १.३ टन वजन धरलं तर एका एकरात १० लाख किलोच्या पुढे माती भरते. त्यातली तुम्ही पाठवता अर्धा किलो, आणि सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेणखत-पालापाचोळा कुजून मातीत आलेला कार्बन, काढायला लॅब त्यातली घेते जेमतेम १ ग्रॅम. म्हणजे १०० कोटी ग्रॅमचा निकाल एका ग्रॅमवर लागतो. शितावरून भाताची परीक्षा होते कारण पातेल्यातला सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. शेत तसं नसतं. वरच्या अंगाला मुरमाड, खाली ओढ्याकडे काळीभोर, मध्येच एखादा चोपण पट्टा. म्हणून नमुना घेण्याचं एक शास्त्र झालंय आणि त्याचे शब्द ऐकायला जड असले तरी प्रत्येक शब्द हा शेतात करायच्या एकेका कामाचं नाव आहे. तर कामाच्या क्रमानेच जाऊया, शब्द वाटेत येतीलच.

आधी ठरवा, तुम्हाला कशाबद्दल उत्तर पाहिजे

ज्या सगळ्याबद्दल तुम्हाला उत्तर हवंय त्याला स्टॅटिस्टिक्समध्ये पॉप्युलेशन म्हणतात, पाठ्यपुस्तकात समष्टी. इथे माणसांची लोकसंख्या नाही, इथे समष्टी म्हणजे उदाहरणार्थ "गट नंबर अमुकमधल्या दोन एकर उसाच्या तुकड्याची वरची २० सेंटिमीटर माती". एवढं नेमकं लिहून काढा, वहीत खरंच लिहा. खोली लिहायची विसरू नका कारण वरच्या वितीतली माती आणि दोन फुटांखालची माती ही दोन वेगळी उत्तरं देतात. ज्वारी, सोयाबीन, गहू, भाजीपाला यांना वरचे २० सेंटिमीटर पुरतात पण डाळिंब, आंबा, संत्रा लावायचा असेल तर ०-३०, ३०-६०, ६०-९० सेंटिमीटर असे थर वेगळे घ्यायचे आणि वेगळ्या पिशवीत भरायचे, एकत्र करायचे नाहीत.

हे ठरवलं नाही की काय होतं याचं उदाहरण मृदा आरोग्य पत्रिकेचं, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या माती तपासणीच्या सरकारी कार्डाचं आहे. केंद्राने फेब्रुवारी २०१५ मध्ये ही योजना सुरू केली तेव्हा नमुना शेतकऱ्यागणिक नाही तर ग्रिडप्रमाणे घ्यायचा असं ठरलं, बागायतीत २.५ हेक्टरला एक आणि कोरडवाहूत १० हेक्टरला एक. म्हणजे १० हेक्टरच्या चौकोनात जेवढे शेतकरी येतील त्या सगळ्यांच्या कार्डावर एकाच नमुन्याचे आकडे. एवढ्या मोठ्या देशात पहिल्या फेरीत दुसरं काही शक्यच नव्हतं, आणि गावाच्या मातीचा कल कळायला ते चांगलंच आहे. पण कार्डावर तुमचं नाव असलं तरी तिथली समष्टी तो ग्रिड आहे, तुमचं शेत नाही, हे लक्षात ठेवून ते वाचा. स्वतःच्या शेताचा निर्णय घ्यायचा तर स्वतःचा नमुना लागतो.

शेताचे तुकडे पाडा

शेतात एक चक्कर मारा आणि डोळ्यांनी जे वेगळं दिसतंय ते वेगळं करा. रंग, उतार, हलकी-मध्यम-भारी, निचरा होतो की पाणी साचतं, मागच्या वर्षी कुठलं पीक होतं, कुठे शेणखत पडलंय कुठे नाही. एकसारखा दिसणारा प्रत्येक भाग म्हणजे एक स्तर आणि प्रत्येक स्तराचा वेगळा नमुना घेणं म्हणजे स्ट्रॅटिफाइड सॅम्पलिंग, मराठीत स्तरित नमुना निवड. माझं मत विचाराल तर सगळ्या पद्धतीत शेतकऱ्याला सगळ्यात जास्त फायदा हीच देते, कारण आपल्याला आपलं शेत आधीच माहीत असतं आणि ती माहिती इथे फुकट कामाला येते. मुरमाड आणि काळी माती एकत्र कालवून जो आकडा येतो तो दोन्हीपैकी कुठल्याच भागाला लागू होत नाही.

काही जागा मात्र सोडायच्या. बांध, झाडाखालची सावली, विहिरीच्या आणि पाटाच्या कडेची जागा, जनावरं बसतात ती जागा, उकिरडा, जिथे खताचा ढीग ओतून ठेवला होता ती जागा. खत टाकून दोन-तीन महिने तरी झालेले असावेत आणि माती ओली चिकट नसावी, म्हणून रब्बी निघाल्यावर उन्हाळ्यात शेत मोकळं असताना हे काम करणं सगळ्यात सोयीचं. एखादा पट्टा दरवर्षी पिवळा पडतोय, तिथे उगवणच होत नाही, तर तो पट्टा सोडायचा नाही, त्याची वेगळी पिशवी करायची. चांगल्या भागात तो मिसळायचा नाही एवढंच.

जागा कशा निवडायच्या

इथे बहुतेकांचं चुकतं आणि चुकतं ते आळसाने नाही, स्वभावाने. माणसाचा हात आपोआप चांगल्या दिसणाऱ्या मातीकडे जातो, नाहीतर मुद्दाम वाईट जागेकडे जातो कारण तक्रार दाखवायची असते, नाहीतर रस्त्याजवळ जातो. असं एकाच बाजूला झुकणं म्हणजे बायस. बायसची वाईट गोष्ट ही की तो नमुने वाढवून जात नाही, बांधाच्या कडेच्या ५ जागा घ्या की ५०, उत्तर बांधाचंच येणार.

यावरचा उपाय म्हणजे रँडम सॅम्पलिंग, यादृच्छिक निवड. रँडमचा अर्थ मनाला येईल तिथे असा नाही, मनाला मध्ये येऊच द्यायचं नाही असा आहे. शेताची लांबी समजा २०० पावलं आणि रुंदी ८० पावलं. मोबाईलमध्ये रँडम नंबर काढायची सोय असते, एक आकडा १ ते २०० मधला काढा, एक १ ते ८० मधला, कोपऱ्यापासून तेवढी पावलं लांबीने आणि तेवढी रुंदीने चाला, जिथे पोहोचाल तिथे खणा. दगड आला किंवा सोडायच्या जागेत आलात तर पुढची जोडी काढा. अशा १५ ते २० जागा एका स्तरात.

एवढं नको असेल तर नागमोडी चाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ठराविक पावलांनी थांबून खणा. ही पद्धतशीर म्हणजे सिस्टिमॅटिक निवड, आणि आपल्याकडे सगळीकडे हीच शिकवतात कारण सोपी आहे आणि सगळं शेत झाकलं जातं. फक्त सरी-वरंब्यात आणि ठिबकवर सांभाळा. तुमचं पाऊल आणि सरीचं अंतर जुळलं तर प्रत्येक वेळी वरंब्यावरच किंवा प्रत्येक वेळी ड्रीपरखालीच खड्डा पडेल, म्हणून पहिली जागा रँडम आकड्याने ठरवा आणि चालायची दिशा सरीला तिरपी ठेवा.

बायस किती बारीक ठिकाणी लपतो हे पीक कापणी प्रयोगाच्या इतिहासातून कळतं. पीक विम्यामुळे हा प्रयोग गावोगावी माहीत झालाय, रँडम पद्धतीने शेत निवडायचं, त्यात बऱ्याच पिकांना १० बाय ५ मीटरचा प्लॉट आखायचा, त्यातलं पीक कापून, मळून, वजन करायचं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत असताना दाखवून दिलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त येतं. कारण साधं होतं, कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर अशी शंका आली की कापणारा ते आत धरतो, आणि लहान तुकड्यात कडा आतल्या क्षेत्राच्या मानाने मोठी असते. भारतात सॅम्पलिंगचा पाया घालणारे प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकडे आणि जास्त ठिकाणं या बाजूचे होते, दोघांचा वाद चांगलाच गाजला आणि त्यातून सगळ्या देशाला फायदा झाला. कुणीही खोटं बोलत नव्हतं तरी आकडा फुगत होता हे मला त्यातलं फार महत्त्वाचं वाटतं.

खणायचं कसं

वरचा पालापाचोळा हाताने बाजूला करा, माती खरवडू नका. इंग्रजी व्ही अक्षरासारखा २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, आतली माती बाहेर टाका, मग एका उभ्या बाजूने वरपासून तळापर्यंत दोन बोटं जाडीचा सारखा काप काढा. सारखा हा शब्द महत्त्वाचा. वर जाड आणि खाली निमुळता काप घेतला तर वरच्या मातीचा वाटा वाढतो आणि कर्ब, स्फुरद हे वरच्या थरातच जास्त असतात, म्हणजे रिपोर्टवर शेत आहे त्यापेक्षा सुपीक दिसणार. हा पण बायसच.

जस्त, लोह असली सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी घमेलं आणि जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरू नका, प्लॅस्टिकची बादली आणि लाकडी किंवा स्टेनलेस स्टीलचं खुरपं घ्या. आपल्या भांड्यातून नमुन्यात भलतंच काही जाणं याला कंटॅमिनेशन म्हणतात. युरियाच्या रिकाम्या पिशवीत माती भरून नेणं हा त्यातला सगळ्यात नेहमीचा प्रकार.

मिसळणं, आणि मिसळल्याने काय हरवतं

एका स्तरातल्या १५-२० जागांची माती एका बादलीत घालून ढेकळं फोडून नीट एकजीव करा. हा झाला कंपोझिट नमुना, संमिश्र नमुना. मग स्वच्छ कापडावर गोल पसरा, बोटाने अधिक चिन्ह काढून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले परत मिसळा, परत चार भाग, असं अर्धा-एक किलो उरेपर्यंत. ढिगातून वरवरची मूठ उचलू नका कारण बारीक कण खाली बसतात आणि खडे वर राहतात.

१५-२० च का, याला कारण आहे. प्रत्येक जागेचा आकडा खऱ्या सरासरीच्या थोडा वर किंवा खाली असतो, हा फरक म्हणजे सॅम्पलिंग एरर. जागा वाढवल्या की वर-खाली एकमेकांना खाऊन टाकतात पण हे जागांच्या वर्गमूळाने घडतं. १६ जागा घेतल्या तर चूक एका जागेच्या मानाने साधारण पावपट होते. ती आणखी निम्मी करायची तर १६ च्या ३२ करून भागत नाही, ६४ लागतात. मजुरी आणि वेळ बघता १५-२० च्या आसपास थांबणं शहाणपणाचं.

आता कंपोझिटचा तोटा. समजा एका तुकड्यात पाच ठिकाणची ईसी, म्हणजे क्षारांचं प्रमाण सांगणारी विद्युत वाहकता, वेगवेगळी मोजली आणि आली ०.४, ०.५, ०.४, ०.५ आणि ३.२. सरासरी काढा, बरोबर १.० येते. मातीची ईसी साधारण १ च्या आत असली की ठीक धरतात, म्हणजे मिसळलेला नमुना लॅबला गेला असता तर रिपोर्ट म्हणाला असता काठावर आहे, फार काही नाही. आणि तिकडे एका कोपऱ्यात ३.२ आहे, जिथे हरभऱ्याचं बी सुखाने उगवणार नाही. आकडे ओळीने लावून मधला घेतला, म्हणजे मीडियन घेतला, तर तो ०.५, म्हणजे बहुतेक शेत अगदी उत्तम. सरासरीने चांगल्या चार जागांना उगाच नावं ठेवली आणि वाईट जागा लपवली. आकडे किती पसरलेत हे सांगणारं माप म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, प्रमाण विचलन, आणि कंपोझिटमध्ये ते मिळतच नाही कारण सगळं आधीच कालवलेलं असतं. म्हणून बागायतीत, कॅनॉलखाली, उसाच्या पट्ट्यात जिथे क्षारांची शंका आहे तिथे कंपोझिटवर विसंबू नका, संशयाच्या जागांच्या वेगळ्या पिशव्या द्या. पैसे थोडे जास्त जातील.

माती सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ नको. स्वच्छ पिशवीत भरा, चिठ्ठी दोन, एक आत एक बाहेर, पेन्सिलने लिहिलेली. नाव, गाव, गट नंबर, कुठला तुकडा, खोली, तारीख, मागचं पीक, पुढचं पीक.

विहीर-बोअरच्या पाण्याचं थोडं वेगळं

पाणी वाहतं, बदलतं, म्हणून इथे जागेपेक्षा वेळ जास्त महत्त्वाची. एका क्षणी भरून घेतलेली बाटली म्हणजे ग्रॅब सॅम्पल, ती त्या क्षणापुरतं खरं सांगते. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खोल गेलेलं असताना आणि पावसाळ्यानंतर अशा दोन वेळा तपासलं तर चित्र बरंच पूर्ण होतं. नदी-ओढ्याचं तपासायचं असेल तर सकाळचा आणि दुपारचा विरघळलेला ऑक्सिजन सुद्धा वेगळा येतो, कारण शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री सगळे जीव तो वापरत राहतात, त्यामुळे तुलना करायची तर दरवेळी वेळ तीच ठेवा.

बोअर किंवा मोटार १०-१५ मिनिटं चालू द्या म्हणजे पाइपात साचलेलं पाणी निघून जाईल आणि खरं भूजल येईल. क्षार, नायट्रेट, फ्लोराईड यांच्यासाठी स्वच्छ प्लॅस्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. जंतू तपासायचे असतील तर सगळं उलटं, लॅबने दिलेली निर्जंतुक बाटलीच घ्यायची, विसळायची नाही, झाकणाला आतून हात लावायचा नाही, थोडी जागा रिकामी ठेवायची आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. नमुना घेतल्यापासून तपासेपर्यंत चालणारा जास्तीत जास्त वेळ म्हणजे होल्डिंग टाइम. प्रत्येक तपासणीचा तो वेगळा असतो, जाण्याआधी लॅबला फोन करून विचारा, शनिवारी संध्याकाळी बाटली भरून सोमवारी नेली तर जंतूंच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

दोन गोष्टी जास्तीच्या करा. एकाच विहिरीच्या दोन बाटल्या वेगळी नावं टाकून द्या, हा डुप्लिकेट. आणि एका बाटलीत लॅबकडूनच घेतलेलं डिस्टिल्ड पाणी शेतावर नेऊन, तिथे उघडून, बाकीच्यांसारखंच हाताळून परत द्या, हा फील्ड ब्लँक. डुप्लिकेटचे आकडे जवळजवळ आले तर मोजणी स्थिर आहे, ब्लँकमध्ये काही निघालं तर ते पाण्यातलं नाही, आपल्या हाताळणीतलं किंवा बाटलीतलं आहे. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न घेऊन ग्रामसभेत उभं राहायचं असेल तर या दोन बाटल्यांशिवाय जाऊ नका, पहिला प्रश्न हाच येतो की बाटली घाण नव्हती कशावरून.

रिपोर्ट हातात आल्यावर

पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, फ्लोराईड १ पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात, एकूण विरघळलेले क्षार ५०० पर्यंत, तसंच नाइलाज असेल तर २०००. ई-कोलाय १०० मिलीमध्ये एकही नको.

रिपोर्टवर कुठे बीडीएल लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ शून्य असा घेऊ नका. त्या लॅबच्या यंत्राला जेवढं कमीत कमी दिसतं त्याच्या खाली आहे एवढाच अर्थ, त्या मर्यादेला डिटेक्शन लिमिट म्हणतात. ती मर्यादा किती हे विचारा. मर्यादाच मानकाच्या वर असेल तर बीडीएल लिहिलेल्या रिपोर्टने काहीच सिद्ध होत नाही.

मातीच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त घाई होते ती सेंद्रिय कर्बाबाबत. गेल्या वर्षी ०.४८ होता, यंदा ०.५३ आला, म्हणजे अमुक औषध टाकल्याने कर्ब वाढला असं लगेच सांगितलं जातं आणि त्यावर मालही विकला जातो. पण त्याच शेतातून त्याच दिवशी दोनदा नमुना घेतला असता तर दोन आकड्यांत किती फरक आला असता हे माहीत नसेल तर ०.०५ चा फरक वाढ आहे की नुसती हालचाल हे सांगता येत नाही. म्हणून एका तुकड्यातून एका ऐवजी तीन स्वतंत्र कंपोझिट काढा, तिन्ही वेळा जागा नव्याने निवडून. याला रेप्लिकेट म्हणतात. समजा तिघांचे आकडे ०.४३, ०.४९, ०.५४ आले तर शेताचा कर्ब नुसता ०.४९ असं न म्हणता ०.४९ च्या अलीकडे-पलीकडे असं म्हणायचं, आणि हा अलीकडे-पलीकडेचा पट्टा नीट गणिताने काढला की त्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. पुढच्या वर्षीचा ०.५३ या तीन आकड्यांच्या मधेच पडतो, म्हणजे तेवढ्यावरून वाढ झाली असं म्हणायला आधार नाही. मातीतला कर्ब हळू बदलतो, दोन-तीन वर्षांनी तोच महिना, तीच खोली, तीच लॅब ठेवून तपासा.

आणि लॅबला दिल्यावर जी माती उरते ती टाकू नका. नीट वाळवून झाकणाच्या बरणीत ठेवा, वर तारीख आणि तुकडा लिहा. पुढच्या वेळी नव्या मातीबरोबर ही जुनी पण वेगळं नाव टाकून त्याच लॅबला पाठवा. वाळलेल्या मातीत पीएच, कर्ब फारसे बदलत नाहीत, त्यामुळे जुन्या मातीचा आकडाच वर-खाली आला तर तेवढा फरक मोजणीतला समजायचा आणि नव्या आकड्यातून वजा करून मग पुढचं ठरवायचं.